शिट्ट्या, पिपाण्या आणि ९० दिवसांची हमी

मूल चार वर्षांचं झालंय, सांगितलेलं सगळं समजतं, पण शब्द फुटत नाहीत. वेखंड उगाळून जिभेला लावून झालंय, ‘याचा बाबाही उशिराच बोलला’ हे आजीचं सांगून झालंय. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘९० दिवसांत मूल बोलतं करू, हमी!’ पुढची फसवणूक बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली.

पहिल्या भेटीत मुलाकडे दहा मिनिटं बघून सांगतात, ‘तोंडाचे स्नायू कमजोर आहेत.’ ऐकू नीट येतं का, ही चाचणी खरं तर सगळ्यांत आधी हवी. तिचा विषयच निघत नाही. ४८ सत्रांचे पैसे आगाऊ घेतात आणि किट हातात ठेवतात. त्यात शिट्ट्या, पिपाण्या, साबणाचे फुगे, चघळायच्या नळ्या, जिभेवर फिरवायचा थरथरणारा ब्रश. पालक बाहेर, दार बंद. तीन महिन्यांनी मूल झकास शिट्टी वाजवतं, पण ‘पाणी’ काही म्हणत नाही.

का, ते बघा. बोलण्याच्या हालचालींत बिघाड असेल तर तो मुख्यतः दोन प्रकारचा. डिसार्थ्रियात स्नायू खरोखर सैल किंवा ताठ असतात, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात तेव्हा. आवाज बारीक किंवा नाकातून येतो, बोलणं संथ व जड असतं, लाळ गळू शकते, चुका बऱ्याच अंशी ठरावीक असतात. ॲप्रॅक्सियात ताकद शाबूत असते; कोणती हालचाल कधी करायची, याची मेंदूतली आखणी चुकते. त्याच्या तीन खुणा अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये सांगितल्या. तोच शब्द पुन्हा म्हणताना चूक बदलते, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना मूल अडखळतं, आणि बोलण्याचा चढउतार बिघडतो. घरी अंदाज घेता येतो. ‘पाणीपुरी’ पाच वेळा म्हणवून घ्या. एकदा ‘पाईउई’, एकदा ‘बानीपुली’, एकदा नुसतंच तोंड चाचपडणं, असं झालं तर तपासणी हवीच. निदान मात्र तज्ज्ञाचं. तीन वर्षांखालच्या मुलावर कुणी एका भेटीत ठाम ‘ॲप्रॅक्सिया’चा शिक्का मारला, तर तिथेही सावध व्हा.

आता हिशेब मांडा. ॲप्रॅक्सियात ताकद कमी नसतेच, मग ती वाढवून काय मिळणार? डिसार्थ्रियातही बोलायला जिभेच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो. श्वास, वेग आणि आवाज यांवर काम करायचं असतं, तेही बोलता बोलताच. फुंकर मारायचा सराव केला की फुंकर सुधारते. हे विकणारे सगळेच लबाड असतात असं नाही, काहींनी शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत हेच शिकलेलं असतं. पालकांचा खिसा दोन्हीकडे सारखाच रिकामा होतो.

दुसरा सापळा जिभेखालचा पडदा कापण्याचा. मुलाला ‘बाबा’, ‘मामा’ म्हणता येत नसेल तर लक्षात घ्या, प, ब, म हे ओठांचे ध्वनी आहेत. जिभेचा त्यांच्याशी संबंध नाही. तिसरा आणि सगळ्यांत महागडा सापळा स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचण्याचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) वापरता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. बिल आलं, की समजून जा.

ॲप्रॅक्सियाचं खरं सत्र दिसायला कंटाळवाणं असतं. थेरपिस्ट समोरासमोर बसते, ‘माझ्या तोंडाकडे बघ’ म्हणते, शब्द मुलासोबत सावकाश म्हणते, मग हळूहळू आधार काढून घेते. शब्द मोजकेच, पाच-सहा, पण रोजच्या कामाचे: ‘दे’, ‘नको’, ‘आई’, ‘पाणी’. अर्ध्या तासात मुलाच्या तोंडून १०० च्या आसपास प्रयत्न व्हायला हवेत. आत बसू द्या म्हणा आणि कागदावर रेघा मारून मोजा. २० भरले, तर बाकीचा वेळ खेळण्यांचा. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या चाचणीत ४ ते १२ वर्षांच्या २६ मुलांना आठवड्याला चार, अशी तीन आठवडे तासाभराची १२ सत्रं दोनपैकी एका उपचारपद्धतीने दिली. दोन्ही पद्धतींत सुधारणा दिसली. मुलाचा त्रास गंभीर असेल तर काम वर्षानुवर्षं चालतं, म्हणूनच ‘हमी’ हा शब्द खोटा.

प्रगतीचा व्हिडिओ दाखवून पॅकेज वाढवतात, त्यात घोकून घेतलेलेच शब्द असतात. सुरुवातीलाच २० शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांतले दहा थेरपिस्टला सांगूच नका. १२ सत्रांनी तेही मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्या आणि फरक ऐका.

पैसे देण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो चालू आहे का ते पाहा. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. (मोठ्या शहरात एका सत्राचीच फी तेवढी होते!) मुंबईत तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

पैसे गेलेच असतील तर पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं ‘हमी’चं बोलणं पुसू नका. आधी लेखी परतावा मागा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.