लाईव्ह रॉक की ड्राय रॉक? छोट्या रीफ टँकसाठी

40-50 लिटरचा रीफ टँक (कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) लावायचा म्हटलं की आधी दगडाचं ठरवा, कारण पाणी साफ ठेवायचं बरंचसं काम तोच करतो.

लाईव्ह रॉक समुद्रातून नाहीतर चालू टँकमधून ओलाच आणतात, त्याच्यावर बॅक्टेरिया आधीच बसलेले असतात, ते माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, शिवाय जांभळट कोरलाइन अल्गी (दगडावर थर धरणारं कडक शेवाळ), कोपेपॉड्स (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव), बारीक किडे हे सगळं सोबत येतं. रात्री लाईट बंद झाल्यावर टॉर्च मारून बघा, भोकाभोकातून काहीतरी वळवळताना दिसतं, मला तर मासे सोडून तेच बघत बसावंसं वाटतं. पण ऐप्टेशिया (एक नकोसा सी अ‍ॅनिमोन) पण असाच येतो, छोटासा तपकिरी, कापला तर उरलेल्या तुकड्यातून परत उगवतो आणि शेजारच्या कोरलला डंख मारतो. आणि वाटेत दगड सुकला तर त्याच्यावरचे जीव मरून अमोनिया वाढतो, म्हणून टेस्ट केल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत.

ड्राय रॉक म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, त्यात ही कटकट नाही, रचना टँकबाहेर निवांत जुळवता येते. पण सायकल (म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया पुरेसे वाढणं) व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे धरा, बॅक्टेरिया आणि अमोनिया आपणच घालायचा, त्यानंतरही डायटम्सचा (सूक्ष्म शैवालाचा) तपकिरी थर, कधी डायनो (डायनोफ्लॅजेलेट्सचा चिकट थर), असं बरेच महिने चालू शकतं. काही दगडांतून शेवाळाला खाद्य होणारा फॉस्फेटही सुटतो.

मी तर म्हणेन बहुतेक दगड ड्रायच घ्या आणि ऐप्टेशिया नसलेल्या जुन्या टँकमधला एक लाईव्ह तुकडा त्यात ठेवा, बॅक्टेरिया आणि कोरलाइन तिथून हळूहळू पसरतात.