चार वायरींचा ४जी ट्रॅकर : डबी उत्तम, जोडणी तपासून घ्या

सोलापुरात टेम्पो-ट्रकना हल्ली सर्रास बसतो तो हा काडेपेटीपेक्षा जरा मोठा ट्रॅकर. उपग्रहांवरून जागा काढायची आणि आतल्या सिमवरून सर्व्हरला पाठवायची, हे काम तो चोख करतो. रेंज गेली तर नोंदी आत साठतात, आली की मागाहून जातात. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ऑनस्टार आणलं, तेव्हा असली सोय कॅडिलॅकसारख्या महागड्या गाड्यांपुरती होती. इंजिनचं तापमान, आरपीएम मात्र यात दिसत नाही, कारण कॅन लाइनशी, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींशी, याचा संबंधच नसतो. ते हवं तर ओबीडी सॉकेटच्या (मेकॅनिक दोष तपासायला यंत्र जोडतो त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून वाचणारं यंत्र घ्या.

तक्रारी येतात त्या जोडणीच्या. लाल वायर २ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर. काळी बॉडीला, पण रंग खरवडून. रंगावरच नट आवळला की सेल्फ मारताना डबी रिसेट होते. केशरी इग्निशनवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येते तिथे. घाईत ती लालबरोबरच पिळली, तर ॲपवर गाडी चोवीस तास चालू दिसते आणि डबी झोपतच नाही. जागेपणी ६० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळपास दीड एएच (अँपिअर-तास) जातो. उभ्या गाडीची ३५ एएचची बॅटरी साडेतीन आठवड्यांत सपाट. चावी काढून दहा मिनिटांनी लाल वायरीत मल्टिमीटर घाला. आकडा उतरला नाही, तर जोडणी चुकली.

पिवळी वायर रिलेची, म्हणजे दुरून आदेश देऊन गाडी बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची, आणि खरा धोका इथेच आहे. रिले इंधन पंपाचा पुरवठा तोडतो. पुणे महामार्गावर ८० च्या वेगात चुकून आदेश गेला, तर इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. वेग २० च्या खाली आल्यावरच तोडणारं सेटिंग असेल तरच ही वायर जोडा. ट्रकला २४ व्होल्टचाच रिले. १२ ची कॉइल जळते.

एप्रिल-मेच्या उन्हात काचेखाली ठेवलेल्या डबीतली लिथियम बॅटरी फुगते, झाकणाला फट पडते. डबी डॅशबोर्डच्या आत बसवा, अँटेनाची बाजू आभाळाकडे. वर प्लास्टिक चालेल, पत्रा नको.

२जी डबी स्वस्त मिळते, पण घेऊ नका. जिओवर ती चालतच नाही. १३ आकडी एम-टू-एम (यंत्रांसाठीचं) सिम बहुधा विकणाऱ्या कंपनीच्या नावावर असतं, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या रिचार्जचा दर बिलावर लिहून घ्या. टॅक्सी-बसवाल्यांनी मात्र ही डबी घेऊ नये. त्यांना आणीबाणीच्या बटणासह एआयएस-१४० (अशा गाड्यांच्या ट्रॅकरचं सरकारी मानक) मान्यतेचंच यंत्र लागतं.