सेल्फ उचलत नसेल तर: ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका ऑटो इलेक्ट्रिशियनविषयी

जुनी गाडी सुरू झाली नाही की पहिले निदान बहुतेक ठिकाणी ठरलेले असते: बॅटरी गेली. आमच्या २००४ सालच्या मारुती ८०० च्या बाबतीतही तेच झाले. किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टक’ असा एकच आवाज येई आणि पुढे काहीच घडत नसे. पाचपाखाडीतील आमच्या नेहमीच्या बॅटरीवाल्याने गाडी न पाहता फोनवरच नव्या बॅटरीचा भाव सांगितला. बसवलेली बॅटरी वर्षभरापूर्वी त्याच्याकडूनच घेतलेली होती, हे बहुधा त्याच्या ध्यानात नसावे. शेवटी शेजारच्या काकांनी सुचवलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले, आणि हा अभिप्राय त्यांच्या कामाविषयी आहे.

वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ च्या परिसरात एका टायरवाल्याला लागून त्यांचा गाळा आहे. त्यावर पाटी नाही; आजूबाजूचे सगळे मालकांना ‘मामा’ म्हणतात आणि त्याच नावाने विचारले की कोणीही गाळा दाखवतो. आत जुने सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटारी), डायनामो आणि तांब्याच्या वायरींची भेंडोळी यांच्यामधून उभे राहण्यापुरतीच जागा उरते, त्यामुळे गाडीचे काम रस्त्याच्या कडेलाच चालते. बंद पडलेल्या गाडीसाठी मात्र मामा स्कूटरवर मीटर आणि पाने घेऊन घरी येतात.

त्यांच्या कामाची पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे. आल्यावर त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी हेडलाइट लावायला सांगून मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः समोर उभे राहून दिव्यांकडे पाहिले. सेल्फ मारताना दिवे विझत आले आणि टकटकटक असा सलग आवाज आला, तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टर्मिनल सैल आहेत असे समजावे. दिवे तसेच लख्ख राहून एकच ‘टक’ ऐकू आला, तर बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा सेल्फच आतून बिघडला आहे. आणि मुळीच आवाज नसेल, तर किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचची) बारीक वायर पाहावी, असे ते काम करता करता सांगत होते. आमचे दिवे जराही मंदावले नाहीत.

मग मीटर निघाला. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेली. चांगली बॅटरी सेल्फ फिरवताना साधारण १० व्होल्टपर्यंत खाली येते, कारण छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा १०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. आमची बॅटरी मात्र किल्ली फिरवल्यावरही १२ च्या खाली उतरेना. पुरेसा करंट जातच नव्हता. मामांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारायला सांगितले. या दोन जागांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसायला नको. आमच्या मीटरवर तो ७ च्या वर गेला.

“बॅटरी ठणठणीत आहे, साहेब. अर्थिंग खाल्लंय,” एवढेच ते म्हणाले आणि मला क्लचच्या केबलला हात लावून पाहायला सांगितले. ती कोमट झाली होती. इंजिनाची मुख्य अर्थिंग, म्हणजे करंट इंजिनाकडून बॅटरीकडे परत नेणारी केबल, तुटली की करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो, आणि असेच बराच काळ चालले तर त्या केबली आतून जळतात.

गिअरबॉक्सच्या बोल्टवरून काढलेले अर्थिंगच्या केबलचे टोक वरून धड दिसत होते. रबर सोलल्यावर आत तांब्याच्या तारांची हिरवी भुकटी निघाली. खाडीकाठच्या या शहरात दमट हवा आणि पावसाळा मिळून असे दोष आतल्या आत पोसतात. येथे अडथळा फार मोठा असावा लागत नाही: १०० अँपिअरच्या वाटेत ०.०५ ओहम आला तरी ५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मामांनी नवी जाड केबल बसवली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली आणि पुन्हा तोच फरक मोजून ०.२ व्होल्ट आल्याचे मला दाखवले. काम झाल्यावर पुन्हा मोजून दाखवणारा कारागीर मी तरी प्रथमच पाहिला. एकूण खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता.

उणिवाही आहेत. पक्के बिल मिळत नाही. जुना सेल्फ उघडून कोळसे (कार्बन ब्रश) आणि बुश बदलून देण्याचे काम ते उत्तम करतात असे काका सांगतात, पण त्याची हमी तोंडीच असते. ती निदान कागदावर लिहून मागावी. घोडबंदर रोडच्या कोंडीमुळे संध्याकाळी मानपाड्याच्या पुढे यायला ते स्पष्ट नकार देतात, तेव्हा कासारवडवलीकडच्या लोकांनी सकाळचीच वेळ मागून घ्यावी.

सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही, अशी तक्रार असेल तर मामा प्लगला करंट येतो का एवढे पाहून देतात आणि पेट्रोलच्या बाजूसाठी दुसरा मेकॅनिक गाठायला सांगतात. कार्बोरेटरच्या गाड्यांना तर ते हातच लावत नाहीत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट हा वेगळाच विषय झाला आहे. त्यासाठी त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही.