छतावरचा जीपीएस प्रयोगशाळेत आणताना: कोॲक्स, फायबर, रिपीटर की नुसती वेळ?

केबल निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: टेबलावरच्या उपकरणांना उपग्रहाचा सिग्नलच हवा आहे, की फक्त अचूक वेळ?

ऑसिलोस्कोप, डेटा रेकॉर्डर, सर्व्हर यांना वेळ पुरते. तिथे एकच चांगला रिसीव्हर बसवावा आणि त्यातून १ पीपीएस (दर सेकंदाला एक पल्स), १० मेगाहर्ट्झची संदर्भ फ्रीक्वेन्सी किंवा नेटवर्कवरून पीटीपी (घड्याळं अचूक जुळवणारा प्रोटोकॉल) द्यावा, असं माझं ठाम मत आहे. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची साधी पद्धत) जुळणी साधारण मिलिसेकंदाच्या घरात राहते. टाइमस्टॅम्पिंग (संदेशावर वेळ नोंदवणं) हार्डवेअरमध्ये होत असेल, तर पीटीपीने ती मायक्रोसेकंदाच्या आत येते. मात्र जीपीएसची वेळ सध्या यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद आणि पीटीपीची ३७ सेकंद पुढे असते, हे ध्यानात असू द्या. नेमका एवढाच फरक दिसला, तर घड्याळाला दोष न देता सेटिंग बघा.

चाचणीच्या उपकरणात स्वतःचा रिसीव्हर असेल, तर मात्र १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नलच आत आणावा लागतो. अंतर ४०-५० मीटरपर्यंत असेल, तर जाड कोॲक्स केबल आणि स्प्लिटर (एक सिग्नल अनेक उपकरणांना वाटणारा) हाच सरळ मार्ग. एलएमआर-४०० प्रकारच्या केबलमध्ये १०० मीटरला साधारण १७ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला याचं माप) घट होते; बारीक आरजी-५८ मध्ये तेवढी घट २५-३० मीटरमध्येच होते. आठ वाटांचा पॅसिव्ह (ॲम्प्लिफायर नसलेला) स्प्लिटर वरून आणखी निदान ९ डीबी खातो. अँटेनातल्या ॲम्प्लिफायरचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) यातून वजा करून बघा. गेन गरजेपेक्षा जास्त झाला, तरी रिसीव्हर नीट चालत नाही.

घोळ बहुतेक वेळा होतो तो डीसीचा, म्हणजे अँटेनाच्या विजेचा. अँटेनाला वीज रिसीव्हरकडून, त्याच केबलमधून वर जाते आणि साध्या स्प्लिटरचं एकच पोर्ट ती वर जाऊ देतं. त्या पोर्टवरचा रिसीव्हर कुणी बंद केला, की सगळ्या टेबलांवरचं लॉक (उपग्रहांवरची पकड) एकदम जातं. उरलेल्या पोर्टांवर करंट वाहत नसेल, तर तिथले रिसीव्हर ‘अँटेना तुटला’ असा अलार्म देतात. त्यासाठी डीसी अडवलेल्या पोर्टांवर २०० ओहमचा लोड असलेला, शक्यतो स्वतःचा वीजपुरवठा असलेला स्प्लिटर घ्या.

अंतर शंभर-दीडशे मीटरच्या पुढे गेलं किंवा दुसऱ्या इमारतीत जायचं असलं, तर फायबर. त्यात घट किलोमीटरला अर्ध्या डीबीहून कमी, आणि धातू नसलेल्या फायबरमधून विजेचा तडाखा आत येत नाही. मात्र दोन्ही टोकांना महागडी उपकरणं लागतात आणि छतावर वीजही न्यावी लागते.

छतावरचा सिग्नल खोलीत पुन्हा हवेतून सोडणारा रिपीटर मी शेवटी ठेवतो. बाहेरचा अँटेना जोडायची सोयच नसलेल्या उपकरणांसाठी तो उपयोगी आहे, पण बऱ्याच देशांत परवाना लागतो आणि सिग्नल खोलीबाहेर गळला तर शेजारचे रिसीव्हरही चुकतात. आतला सिग्नल छतावरच्या अँटेनाने पकडला, तर सगळी यंत्रणा स्वतःच दोलायला लागते. हवेतला विलंब मीटरला ३.३ नॅनोसेकंद असतो, त्यामुळे उपकरण हलवलं की वेळही हलते. अशा उपकरणाला शील्ड केलेल्या पेटीत ठेवून सिग्नल तिथेच दिलेला बरा.

नॅनोसेकंद मोजणार असाल, तर केबलचा विलंब रिसीव्हरमध्ये भरा. एलएमआर-४०० साठी तो मीटरला ३.९ नॅनोसेकंद, म्हणजे ४० मीटरला १५६. फायबरमध्ये मीटरला साधारण ४.९, आणि दोन्ही टोकांच्या उपकरणांचा विलंब वेगळा धरायचा.