रेड ब्लेंडची अख्खी पेटी, काही महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

पहिल्याच बाटलीवर रेड वाइनला स्टार देऊन मोकळं होणाऱ्या लोकांचं मला नवल वाटतं. आज आणली आज संपवली अशी साधी वाइन असेल तर द्या की, पण कॅबरने आणि मेर्लो या दोन द्राक्षजाती मिसळून केलेलं तरुण ब्लेंड पहिल्या भेटीत काही बोलतच नाही. म्हणून एकाच व्हिंटेजची, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची, पूर्ण पेटी घेतली आणि महिनोन्महिने पुरवून पुरवून उघडली. निम्म्याहून जास्त कॅबरने सोव्हिन्यों, बाकी मेर्लो आणि शेवटी नावापुरती पेती व्हर्दो ही तिसरी जात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, या प्रकारच्या वाइनशी आणि ती घरी सांभाळायच्या खटाटोपाशीच मला मतलब आहे.

पहिली बाटली: रंग गडद जांभळा, ग्लास तिरका केला तरी कडेपर्यंत जांभळाच, वासाला काळी फळं आणि त्यावर ओकच्या लाकडी पिंपातून आलेली व्हॅनिला, आणि घोट घेतला की हिरड्या आखडल्या. फळ वेगळं, लाकूड वेगळं, तुरटपणा वेगळा, तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली प्यायलो तर बरीच नीट लागली, तेव्हाच संशय आला की इथे महिन्यांपेक्षा हवेचं काम जास्त आहे.

आता ब्लेंड करतात कशाला? बऱ्याच जणांना वाटतं की उरलंसुरलं एकत्र ओततात, तसं अजिबात नाही. मेर्लो कॅबरनेच्या आधी पिकते, साधारण दोनेक आठवडे. तिला कळ्याही लवकर फुटतात म्हणून वसंतातल्या दंवाची भीती तिला जास्त, आणि कॅबरने उशिरा पिकते म्हणून शरदातल्या पावसाची भीती तिला. फ्रान्समधल्या बोर्दोसारख्या बेभरवशाच्या हवेत दोन्ही लावून ठेवल्या की एक तरी हाताला लागते. तिथे नदीच्या डाव्या तीरावर गोटेदार जमीन, तिथे कॅबरनेचा जोर, उजव्या तीरावर चिकणमाती जास्त, तिथे मेर्लोचा. कॅबरने कच्ची राहिली की ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, तो पायराझिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो एकदा नाकाला ओळखीचा झाला की कुठेही लपत नाही. हवामान बदलतंय म्हणून २०२१ मध्ये बोर्दोत तुरिगा नासिओनाल, मार्सेलान वगैरे नव्या जातींनाही परवानगी मिळाली, पण ब्लेंडमध्ये त्या १० टक्क्यांच्या वर घालता येत नाहीत.

बनवताना सहसा प्रत्येक जात वेगळी तोडतात, वेगळ्या टाकीत सालीसकट आंबवतात, मग मॅलोलॅक्टिक होतं, म्हणजे बॅक्टेरिया टोकदार मॅलिक ॲसिडचं मऊ लॅक्टिक ॲसिड करतात, आणि मग वाइन पिंपात जाते. बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं. काही जण पिंपात घालायच्या आधीच मिसळतात, काही पिंपातून काढल्यावर, आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणून भांडतात.

खरी मजा घरी ब्लेंड करताना आली, आणि पेटीतल्या निम्म्या बाटल्यांनी शिकवलं नसेल तेवढं या एका संध्याकाळी कळलं. एका जातीची, म्हणजे एक नुसत्या कॅबरनेची आणि एक नुसत्या मेर्लोची वाइन घ्यायची, १०० मिलीचा मापाचा सिलिंडर घ्यायचा आणि ७०-३०, ५०-५०, ३०-७० असं ओतत जायचं. ओतायचं काम दुसऱ्याकडे द्या आणि ग्लासखाली नंबर चिकटवा, नाहीतर जीभ आधीच ठरवून बसते. नुसत्या कॅबरनेत सुरुवात आणि शेवट दणकट होता पण मध्ये खड्डा, घोट जिभेच्या मधोमध आला की काहीच नाही. ३० मिली मेर्लो पडली आणि तो खड्डा भरला, अक्षरशः. ५०-५० मात्र मिळमिळीत, दोघींचंही चांगलं हरवलेलं. मेर्लो जास्त असलेली सगळ्यात आधी संपली, कारण ती लगेच आवडते, पण तासाभराने परत वास घेतला तर तिच्यात सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पेती व्हर्दोचे ५ मिली टाकले की रंग आणि तुरटपणा दोन्ही उडी मारतात, तेव्हा लेबलवरचा तो छोटासा आकडा तिथे का असतो ते समजलं. आणि हो, "एका जातीची" म्हणतो तीही कधी कधी पूर्ण एका जातीची नसते, युरोपात लेबलवर एका जातीचं नाव टाकायला ८५ टक्के पुरतात, अमेरिकेत सहसा ७५.

साठवणीबद्दल. १२ ते १४ अंश, अंधार, हादरे नाहीत, आणि बूच असेल तर बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅप असेल तर उभी ठेवा, काही फरक पडत नाही. साध्या फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ठीक, महिने नको, तिथलं तापमान फार खाली आणि हवा कोरडी. आधी माझ्याकडे वाइन ठेवायचा, कॉम्प्रेसर नसलेला थर्मोइलेक्ट्रिक कूलर होता, आवाज शून्य, पण तो खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो त्यामुळे उन्हाळ्यात नुसता शोभेचा. कॉम्प्रेसरवाला घेतला, थोडा घुरघुरतो पण १३ म्हणजे १३.

मध्ये एक बाटली बुचाने मारली. ओल्या पुठ्ठ्याचा वास, फळ गायब, म्हणजे टीसीए, खराब बुचातून वाइनमध्ये उतरणारं रसायन. विकणारा म्हणे ही वाइन अशीच असते! त्याच पेटीतली दुसरी बाटली त्याच्यासमोर उघडून दोन्ही ग्लास त्याच्या नाकाखाली धरले तेव्हा कुठे बदलून मिळाली. मनस्ताप मात्र झाला तो झालाच.

तर महिन्यांनी फरक पडला का? थोडा. ओक जरा मागे सरकला, तुरटपणाची धार किंचित बोथट झाली, कडा अजून जांभळीच आहे. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि गाळ बनून खाली बसतात ही वर्षांची गोष्ट, तिला काही महिने म्हणजे काहीच नाही. त्याउलट तासभर डिकँटर, म्हणजे हवा लागावी म्हणून रुंद भांड्यात ओतून ठेवणं, आणि १७ अंशाला ओतणं, एवढ्याने जो फरक पडतो तो कूलरने आणलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. २५ अंशाला तीच वाइन नुसती अल्कोहोल अल्कोहोल लागते. कूलरचं काम इतकंच, की वाइन खराब होऊ नये, आणि तेवढं त्याने केलं.

बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात, त्या पुरून ठेवून काही हाती लागत नाही. या पेटीत टॅनिन आणि ॲसिड दोन्ही आहेत म्हणून शेवटच्या बाटल्या तळाच्या फळीवर ठेवल्यात आणि त्यांना तूर्तास हात लावणार नाही. पुढच्या वेळी पेटी मेर्लो जास्त असलेली घेईन, कारण पाहुण्यांना पहिल्या घोटालाच आवडायला हवी आणि दरवेळी डिकँटर धुवायचा मला जाम कंटाळा आहे.