लादी कशी फुटते, त्यावरून क्रशर पारखा: मिरकरवाडा जेटीवरची बर्फसेवा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर बर्फाची लादी फोडून बर्फ थेट ट्रॉलरच्या, म्हणजे मासेमारी बोटीच्या, मासळी साठवायच्या खणात सोडणारी ही क्रशर सेवा. काम चोख आहे, पण एक उणीव ठळक आहे.

आधी लादी. बर्फ कारखान्यात थंड खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या डब्यातलं पाणी कडांकडून आत गोठत येतं आणि त्यातली हवा नि क्षार मध्याकडे ढकलले जातात. म्हणून पोटात पांढरी रेघ राहतेच. इथल्या लादीत ती दोन बोटांपेक्षा रुंद नसते. अर्धी लादी दुधाळ असेल तर घेऊ नका, बुडबुड्यांचा तो भाग आधी फुटून भुगा होतो.

त्या टाकीतून लादी निघते तेव्हा ती शून्याखाली सात-आठ अंश तरी थंड असते. तशीच क्रशरमध्ये टाकली तर काचेसारखी तडकते. इथे पृष्ठभागावरचं पांढुरकं दव जाऊन चकाकी येईपर्यंत ती बाहेर ठेवतात, मगच दातेरी रोलरवर चढवतात. एवढ्या धीराचं कौतुक करावंच लागेल. बर्फ सावकाश दाबला तर वाकतो, झटक्यात दाबला तर फुटतो, आणि दात झटकाच देतात.

ध्रुवीय समुद्रातही हेच चालतं, फक्त फार मोठ्या मापावर. हातभर बर्फाचा नमुना फोडायला जेवढा ताण लागतो त्या मानाने किलोमीटरभर पसरलेली बर्फाची तरंगती चादर फार कमी ताणात फाटते, कारण तिच्यात भेगा आधीच असतात. तुटताना मोठे तुकडे थोडे आणि लहान असंख्य होतात. क्रशरखालीही तसंच होतं: एकाच मापाचे खडे कोणताच क्रशर देत नाही. म्हणून चाळणी हवी, आणि तीच इथे नाही. बोटाएवढे खडे, मुठीएवढे टोकदार गट्टे आणि भुगा एकत्रच खणात जातात. गट्ट्याच्या टोकाने पापलेटची कातडी सोलते. भुगा लवकर वितळतो, शिवाय खडे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात.

प्रमाण: १ किलो मासळीला १ किलो बर्फ. ३० अंशांची मासळी शून्यावर आणायला हिशेबाने साधारण ३०० ग्रॅम पुरतो, बाकीचा खणाच्या भिंतींतून शिरणारी उष्णता खाते. त्यामुळे भिंतींचं इन्सुलेशन ओलं झालं असेल तर याहून जास्त लागेल.

भरताना गट्टे खणाच्या तळाला आणि कडेला ठेवायला सांगा, म्हणजे वितळलेलं पाणी खालून निघून जाईल. बारीक बर्फ बांगड्याच्या आणि कोळंबीच्या थरांत घाला, तिथे तो मासळीला घट्ट लागतो. पापलेटवर मात्र हाताने निवडलेले लहान खडेच.