लॉकवालं जकार्ड की जुनं पंचकार्डवालं?
भाचा विचारतोय, चादरीच्या लूमवर नक्षी पाडणारं जकार्ड यंत्र घ्यायचंय, तर लॉकवालं, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरला कुलूप लावलेलं इलेक्ट्रॉनिक घेऊ का जुनं. डिझाईन बदलायला नवं लई फास्ट, जुन्याला पुठ्ठ्याची कार्डं पंच करून दोऱ्याने ओवत बसायचं. पण बिघडलं की? जुनं आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मिस्त्री तिथंच उघडतो, वाकलेली सुई काढून दुसरी घालतो, आणि असं उघडून बघतानाच नवीन काहीतरी सुचतं ना. लॉकवाल्याला कंपनीच्या माणसाची वाट बघा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं सॉफ्टवेअरचं लॉक तोडायलाच मनाई, सूट दर तीन वर्षांनी मागायची, हे नव्या डोक्याला मारकच. आपल्याकडे कॉपीराईट कायद्यातल्या २०१२ पासूनच्या कलम ६५अ मध्ये कॉपीराईट मोडायच्या हेतूने लॉक तोडलं तरच शिक्षा, म्हणजे दुरुस्तीला वाव आहे. सारखी नवी डिझाईनं लागत असतील तर लॉकवालं, स्वतः हात घालून शिकायचं असेल तर जुनंच घे म्हणलं.